शके, तुझं पाचट जाळलं

शके, तुझं पाचट जाळलं. काडी नामदेव भावजींनी लावली, पण 'लावा' म्हणाले ते मीच. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर जायच्या आधी मीच सांगते. आपल्या गावच्या कितीतरी बाया तिथं वर आधीच जाऊन बसल्यात, त्यांना चहाडीला तेवढंच पाहिजे.

तेराव्याचं जेवण उरकलं, ताडपत्री निघाली, पाहुणे एसटीला लागले. घरात आपलेच आपण राहिलो. आता मी भांडू कुणाशी, सांग? सकाळी उठून पहिलं तोंड वाजवायचं ते तुझ्यावर, ही माझी एवढ्या वर्षांची सवय. चुलीपुढं बसले की तोंडात येतंच, 'तुझा मुडदा बशिवला शके, आजून उठली न्हाईस का?' अर्धं बोलते आणि जीभ चावते. रोज म्हणायचे गं मी हे. तू हसायचीस आणि बघणाऱ्याला सांगायचीस, "आक्का लाडानं म्हनत्यात." लाडानंच म्हणत होते. आता ती शिवी मला कुणालाच देता येत नाही, शेळीलासुद्धा.

तू धाकटी जाऊ होऊन आलीस तेव्हा मी तुला नीट बघितलंसुद्धा नव्हतं. कारखान्यावरच्या पाल्याच्या कोपीत वाढलेली पोरगी, आईबाप जन्मभर ऊस तोडत हिंडलेले, हिला काय वळण असणार, असं माझ्या मनात होतं. पहिल्याच आठवड्यात तू मला सांगितलंस की नवरा बघून तू होकार दिलाच नव्हता. विहीर बघून दिला होता. "विहीर हाय म्हंजी भाजीपाला व्हतो, भाजीपाला व्हतो म्हंजी कोयता घिऊन जावं लागत न्हाई." भावजी तिथंच दाढी करत बसले होते. त्यांनी आरशातून तुझ्याकडं बघितलं आणि तू पदर तोंडाला लावून हसलीस. मला त्या दिवशी तू आवडलीस, पण मी ते कधी बोलले नाही. मोठ्या जावेनं असं बोलायचं नसतं, असं माझ्या सासूनं मला शिकवलं होतं.

पुढं वाटणी झाली. बांधाच्या अलीकडं आमचं, पलीकडं तुमचं, विहीर दोघांत एक. पहिली काही वर्षं दोन्हीकडं एकच पद्धत होती. दुकानदार देईल ते औषध आणायचं, पंप पाठीवर टाकायचा, फवारायचं, तोडायचं, आष्टीच्या बाजारात नेऊन बसायचं. मग भावजी टमाट्याला फवारता फवारता बांधावर आडवे झाले. तोंडातून फेस, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्याशा. चार दिवस दवाखान्यात काढून माणूस परत आला. तू त्यांना घरात घेतलंस, भात भरवलास, आणि मग औषधाच्या बाटल्या पाटीत भरून माझ्या ओसरीवर आणून ठेवल्यास. "आक्का, हे तुमाला लागत आसंल तर ठिवा. माझ्या रानात आता हे न्हाई." आणि मी ठेवून घेतल्या. फुकट आलेलं औषध कोण टाकतं?

तेव्हापासून बांध म्हणजे सरहद्द झाली. पलीकडं तुझा तो खताचा ड्रम, त्यात शेण, गोमूत, गूळ, बेसन, काठीनं ढवळत बसायचीस. वारा इकडचा सुटला की आमच्या घरात भाकरी गोड लागायची नाही. मी ओरडायचे, "शके, तुझ्या ड्रमाचं तोंड बांध, न्हाईतर त्यात तुलाच बुडविते." तू म्हणायचीस, "तुमच्या औशदाच्या वासानं तर माझ्या मधमाशा मेल्या, मी कुठं वरडले?" तुझी पहिल्या वर्षीची वांगी बघून मला हसू आवरेना. वाकडी, भोकं पडलेली. बाजारात बायका उचलून बघायच्या आणि ठेवून द्यायच्या. मी म्हणाले, आता येईल ताळ्यावर. तू आली नाहीस. पुढच्या वर्षी पाचट आणायला लागलीस.

ऊस तुटून गेला की लोक फडातलं वाळल्या पाल्याचं पाचट पेटवून देतात. तू ते मागून आणायचीस, भारे बांधून, डोक्यावरून. केसांत कुसळं, मानेला ओरखडे. वाफ्यात, वेलाच्या बुडाशी, सगळीकडं घोट्याएवढं अंथरायचीस. लोक म्हणाले, कोयत्याची पोरगी, माहेरचं पाचट सोडवंना. तू मला एकदा हात धरून नेलंस आणि पाचट बाजूला सारून दाखवलंस. भर वैशाख होता. आमच्या रानाला बोट जाईल अशा भेगा, आणि तिथं खाली गार ओल. "फडात निजायचो ना आमी, तवाच कळलं मला," एवढंच म्हणालीस. मला पटलं होतं. तरी मी म्हणाले, "पायाखाली काय हाय ते दिसत न्हाई, ह्याचं काय?"

तिथून ते भांडण जे लागलं ते लागलं. मी म्हणायचे, पाचटात उंदीर होतात, उंदरामागं जनावर येतं. साप हा शब्द रानात उच्चारायचा नाही, म्हणून आपण जनावर म्हणतो. तू म्हणायचीस, "मी पाचटात जल्मले आक्का. पाचटातलं जनावर मला वळखतंय." मग मी चिडायचे. "मग निदान बूट तरी घाल की भवाने!" आणि तू चपला काढून बांधावर ठेवायचीस आणि अनवाणी आत जायचीस. सासूबाईंची रीत. लोकांच्या ताटात जायची भाजी, तिच्यात पायताण घेऊन जायचं नाही. मीसुद्धा पाळायचे ती रीत, फवारणी सुरू होईपर्यंत. औषधानं तळपाय भाजायला लागले तेव्हा आम्ही गुडघ्याएवढे रबरी बूट आणले. बघ कसं आहे. ज्यांनी विष घेतलं त्यांच्या पायाला बूट आले, आणि तू सोडलंस म्हणून अनवाणी राहिलीस.

आणखी एक गोष्ट आहे, ती बाजारात कधी कुणी बोलत नाही. भाजी पिकवणाऱ्या प्रत्येकाच्या रानात विहिरीजवळ एक घरचा वाफा असतो. त्याला औषध मारत नाहीत. विकायचं वेगळं, खायचं वेगळं. गिऱ्हाइकाला ते माहीत नसतं आणि आम्ही सांगत नाही. माझ्या रानात मात्र घरचा वाफा नव्हता. माझा घरचा वाफा म्हणजे तुझं सगळं रान. माझी दोन्ही पोरं तुझ्या भाजीवर वाढली. ह्यांचं डोकं दुखायला लागलं, फवारून आले की अंधारात पडून राहायचे, तेव्हा तू रोज पाटीभर भाजी आमच्या दारात ठेवून जायचीस. एकदा मी पैसे देऊ केले तर आठ दिवस बोलली नाहीस. मग बोललीस तेव्हा काय बोललीस! "आक्का, लोकाच्या लेकराला फवारलेलं अन् आपल्या लेकराला बिनफवारलेलं, हे तुमाला रातीला झोपू कसं देतंय?" मी म्हणाले, किडकं वांगं घेतं का कोणी? "निदान सांगा तरी लोकाला, फवारलेलं हाय म्हनून. घ्यायचं ते घेतील." मी म्हणाले, सांगितलं तर घेईल कोण? तू काहीतरी म्हणणार होतीस, तोंड उघडलंही होतंस, पण टेंपोवाल्यानं हॉर्न वाजवला आणि आपण पाट्या चढवायला लागलो. ते तुझ्या तोंडातलं राहिलं. काय म्हणणार होतीस गं?

त्याच्या पुढचा बाजार तुझा शेवटचा.

झुंजुमुंजू व्हायचं होतं. तू पलीकडं दोडक्याच्या मांडवाखाली, मोबाईलची बत्ती दातात धरून. मी अलीकडं वांग्यात. मधेच तू "अगं आई!" केलंस. मी ओरडले, "काय झालं गं?" बत्ती तोंडातून काढून म्हणालीस, "काय न्हाई. काटा." मी म्हणाले, "बूट घाल म्हनलं तर ऐकतीस का कुनाचं?" तू हसलीस. हे हसणं मी आत्ता कितीतरी वेळा आठवून बघितलं, त्यात मला काही वेगळं सापडत नाही.

टेंपोत तू माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस. पोटात ढवळतंय म्हणालीस. मी म्हणाले, रातची शिळी भाकर खाल्ली असशील. बाजारात आपण पोती अंथरली. तुझी भवानी मी केली आणि माझी तू, नेहमीसारखी. दिवसाची पहिली विक्री परक्याच्या हातून होण्याआधी आपण एकमेकींच्या हातून करून घ्यायचो, तूच पाडलेली पद्धत. मूठभर मिरच्या घेतल्यास, मी पैसे कपाळाला लावले. मग तू म्हणालीस, "आक्का, डोळे उघडंनात." मी हसले. शके, मी हसले. "रातभर टीव्ही बघ आजून," म्हणाले.

तुझी गिऱ्हाइकं यायला लागली. ती शाळेतली बाई, जी फक्त तुझ्याकडंच घ्यायची, तीही म्हणाली, आज शकुंतलाबाईंची झोप झालेली दिसत नाही. तू काही बोललीस ते तिला कळलं नाही आणि मलाही. जीभ जड झाली होती. हातातलं वजन सुटलं. पलीकडचा मिरचीवाला बघायला लागला आणि मला तुझाच राग आला, की चारचौघांत असं काय करायलीस. मग तू हळूच एका अंगाला, दोडक्यांच्या ढिगावर कललीस.

रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं तुझ्या पापण्या बोटानं उचलल्या आणि पहिला प्रश्न केला, काय चावलंय? मी ठणकावून सांगितलं, काहीच नाही, काटा भरलाय. त्यांनी पाय बघितला. घोट्याच्या वर दोन बारीक टिपके. सूज नाही, रक्त नाही. मण्यार, म्हणाले. मण्यार चावलेलं दुखत नाही म्हणे, नुसती झोप आल्यासारखं होतं. सुया सुरू केल्या, धावपळ केली, त्यांना दोष नाही. श्वास धरेना म्हणून नगरला न्यायला गाडी दिली. मी तुझा हात धरून बसले होते. कडा गाव मागं पडलं आणि थोड्या वेळानं गाडीतल्या माणसानं माझ्याकडं बघून मान हलवली. तुझा हात गरम होता, म्हणून मी त्याला शिव्या दिल्या.

शके, मला एक सांग. तो काटा नव्हता हे तुला कळलं होतं का? फडात जन्मलेली तू, चावा आणि काटा ह्यातला फरक तुला कळत नाही हे मी कसं मानू? बाजार बुडेल म्हणून गप्प बसलीस? की मी म्हणेन, 'बघ, मी सांगत नव्हते?' म्हणून? माझ्या तोंडाला भिऊन 'काटा' म्हणालीस का? बाजारासाठी गप्प बसली असशील तर मी सोसेन. दुसरं असेल तर कसं सोसू? आणि गाव येऊन मलाच म्हणतं, अनसूयाबाई, तुमी आधीच सांगत व्हता, तुमचं खरं झालं. झालं माझं खरं. असलं खरं घेऊन मी काय करू, चुलीत घालू?

सुतकात दोन्ही घरची रानं बंद. सुतकाच्या घरची भाजी कोणी घेत नाही आणि आमच्यात कुणाला रानात जायचं अवसानही नव्हतं. पण भेंडीला सुतक कुठलं? ती वाढतच राहिली. बोटाएवढी होती ती वीतभर झाली, जून, सुरीनं कापेना अशी. काकड्या पिवळ्या पडून फुटल्या. दोडक्याच्या आत जाळी धरली. मी बांधावर उभी राहून बघायचे. तुझ्या हाताखाली एक भेंडी कधी जून झाली नव्हती.

दहाव्याला नदीवर गेलो, आम्ही बायाही गेलतो. पिंड मांडले. कावळे होते, समोरच्या लिंबावर चांगले चार-पाच बसलेले, पण एक खाली येईना. भावजी हात जोडून म्हणाले, "आपल्या वैशूचं शिक्षन पुरं करतो." कावळा हलला नाही. ह्यांनी म्हटलं, "नामदेवाला एकटा पडू द्यायचा न्हाई मी." नाही. तुझ्या लेकीनं नुसतं "आई" म्हटलं. तरी नाही. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्यांना माहीत होतं, तुझा जीव कशात अडकला ते. मी पदर पसरला आणि म्हणाले, "शके, तुझं रान हाय तसं ठिवीन. औशदाचा थेंब पडू द्यायची न्हाई. पाचटाला कुनाला हात लावू द्यायची न्हाई. जा आता."

आणि आला गं कावळा. सरळ आला, भाताला चोच लावली. बाया रडायला लागल्या. भावजींचं तोंड मात्र पांढरं पडलं, कारण ते पहिल्या दिवसापासून पाचट पेटवायला रॉकेल शोधत होते.

तेराव्यानंतर ते माझ्याकडं आले, उंबऱ्यावर बसले. "वैनी, मला त्या रानात पाय टाकवत न्हाई. पाचट जाळून टाकू." मी म्हणाले, शब्द दिलाय. "ती गेली वैनी. आता कुनाला शब्द?" मी त्यांच्यावर खेकसले. तुझ्या बाजूनं मी कधी इतकी भांडले नव्हते, तू जिवंत असताना तर नाहीच. एवढी वर्षं ज्या पाचटाला मी शिव्या घातल्या, त्याच्यासाठी मी दिराशी कडाकडा भांडले, नवऱ्याशी भांडले. पाचटात ओल असते, त्यानं विहिरीचं पाणी पुरतं, गांडुळं होतात, सगळं तुझंच तुझ्याच शब्दांत सांगितलं. भावजी शेवटी म्हणाले, "वैनी, तुमी म्हनाल तसं. पर पोरीला तिकडं जाऊ देऊ नका."

पोरगी तिकडंच जात होती. कॉलेज बुडवून, रोज. मला म्हणाली, मोठ्याई, आईचं गिऱ्हाईक तुटायला नको, मी बसते बाजारात. मला बरं वाटलं. मी माझे बूट तिला दिले, स्वतः पायात घालून दाखवले, देवाची शपथ घ्यायला लावली. तिनं शपथ घेतली.

बाजाराच्या दिवशी पहाटे मी पाटी घेऊन गेले तर बूट बांधावर. जोडीनं, नीट ठेवलेले. आणि पोरगी दोडक्याच्या मांडवाखाली, मोबाईलची बत्ती दातात धरून, अनवाणी, घोट्याएवढ्या पाचटात. पाठमोरी. तुझीच पाठ. मला हाकसुद्धा मारता येईना, की हाक मारली आणि ही दचकून भलतीकडं पाय टाकेल तर? तशीच आत घुसले. मीही अनवाणीच होते की, बूट तर तिला दिलेले! दंड धरून तिला ओढत बांधावर आणली आणि पाठीत धपाटे घातले. जन्मात पहिल्यांदा मारलं मी तिला. ती म्हणाली, "आई काढूनच जायची मोठ्याई. आपल्या घरची रीत हाय." आणि मग रडली. तू गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. मी तिला पोटाशी धरली आणि तिच्या पायावर बत्ती मारून बघत राहिले, घोटा, बोटं, तळवा, एकदा इकडून, एकदा तिकडून. काही नव्हतं. तरी दुपारपर्यंत मी तिला झोपू दिलं नाही. जरा डोळे मिटले की गालावर चापट मारायचे.

त्या दिवशी बाजार झाला नाही.

तू म्हणशील, बूट घालायला लावायचे. लावले असते गं. पण मी कुठवर बांधावर राखण बसू? ती भाजीला जात नव्हती, ती तुला शोधायला जात होती. जिथं तू पाय टाकलास तिथंच ती पाय टाकणार, आणि तसाच टाकणार, उघडा. हे मला त्या पहाटे कळलं आणि मी भावजींना म्हणाले, "लावा काडी."

वैशू मधे आली. "मोठ्याई, तू कावळ्याला शब्द दिलतास."

"दिलता. मोडला," मी म्हणाले.

दिलता आणि मोडला, शके. काय करायचं ते कर. पिंडाला शिवलेला कावळा परत पाठव, माझ्या दारात काव काव करू दे. पण तुझी पोरगी मी त्या पाचटात दुसऱ्यांदा बघणार नाही.

भावजी आणि गल्लीतली माणसं काठ्या घेऊन चहूबाजूंनी उभी राहिली. वरचं वाळलेलं पाचट फुर्र करून पेटलं, खालचं ओलं होतं ते धुमसत राहिलं, दिवस मावळेपर्यंत. तू घातलेली ओल लवकर हटेना. उंदीर निघाले, बेडूक निघाले, एक सरडा शेपूट जळालेला निघाला. माणसांनी उंदीरच मारले. जनावर निघालं नाही. ज्याच्यासाठी जाळलं ते नव्हतंच तिथं. भावजी अंधार पडला तरी राख काठीनं उचकत होते, "असंल, हितंच असंल" म्हणत. ह्यांनी त्यांच्या हातातली काठी काढून घेतली. मांडवावरचे वेल करपून खाली लोंबत होते. राखेत गांडुळं शिजलेली होती, ती मी बघितली आणि वैशूला तिकडून फिरवली.

पुढल्या आठवड्यात भावजी तिथं कोबी लावणार आहेत. रोपं सांगितलीत. पंप माझाच नेणार आहेत.

आता कालचं सांगते आणि थांबते. दोन्ही चुली सध्या एकच आहेत, भावजी आणि वैशू आमच्यातच जेवतात. काल भाजीला काही नव्हतं. रोज तुझ्याकडून यायचं किंवा तुझ्या रानातलं उरलंसुरलं मी तोडून आणायचे, ते संपलं. मी पाटी घेऊन नेहमीसारखी बांधापाशी गेले, पलीकडं काळं रान बघितलं आणि तशीच मागं वळून माझ्या वांग्यात शिरले. टपोरी, चकचकीत, एकाला भोक नाही. ह्यांनी परवाच फवारली होती. मी ती मिठाच्या पाण्यात धुतली. परत धुतली. पदरानं पुसली, परत धुतली. मग चिरा दिल्या, शेंगदाण्याचा कूट भरला, शिजवली.

ताटं वाढली. ह्यांनी वांग्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. फवारणारा हात त्यांचाच, त्यांना सांगायला नको होतं. वांगं ताटाच्या कडेला सारलं आणि चटणीशी भाकर खाल्ली. भावजींचं कशातच लक्ष नव्हतं, ते खात होते. वैशूनं भाकरी मोडली आणि मला विचारलं, "बांधाच्या अलीकडची हायत का मोठ्याई?"

मी म्हणाले, "व्हय."

तिनं घास केला आणि तोंडात घातला. मी तिच्या तोंडाकडं बघत बसले. मग तिनं ताट पुढं केलं, आणखी एक मागितलं. मी वाढलं.